मदत हवी आहे : सेमिनरीचा फॉर्म, चर्चचं पत्र अडलंय

भिंगारकर
जय ख्रिस्त. पाळक व्हायचंय म्हणून सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, अर्ज करायचाय. मुदत पुढच्या आठवड्यात संपते. बाकी सगळं तयार आहे, फक्त चर्चचं शिफारसपत्र मिळत नाहीये. पाळकसाहेबांना विचारलं की "बघू, बघू". पत्राशिवाय फॉर्म पाठवला तर चालतो का? कृपया लवकर सांगा.

जुना_बीडी
कुठली सेमिनरी? कुठला कोर्स? चर्च कुठलं? एवढं तरी लिहा हो.

वसईकर
आम्हा कॅथलिकांत पाळकांच्या पत्राने काही होत नाही. आधी आपल्या धर्मप्रांताच्या व्होकेशन डायरेक्टर (फादर होऊ इच्छिणाऱ्यांना मार्गदर्शन करणारे) फादरांना भेटा. आमच्या चुलतभावाने तसंच केलं. आधी तत्त्वज्ञान, मग ईशज्ञान, मध्ये रीजन्सी (प्रत्यक्ष सेवेचा काळ), मग डीकन (फादर होण्याआधीची पायरी). बरीच वर्षं लागतात, मनाची तयारी ठेवा.

भिंगारकर
मी सीएनआयचा (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट) आहे. कोर्स बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी), पुण्यात. बी.कॉम. झालंय, नोकरी करतो. बायकोचीही तयारी आहे.

वसईकर
लग्न झालंय हे आधी सांगायचं ना! आमचे फादर लग्न करत नाहीत, मग आमचा रस्ता तुमचा नाही. शुभेच्छा.

जुना_बीडी
आता नीट सांगतो. पाळक एकटे पत्र देत नाहीत. विषय पास्टोरेट कमिटीपुढे (स्थानिक चर्चची कमिटी) जातो, तिथून डायसिसला (बिशपांचा प्रांत), मग बिशपसाहेब नाव पुढे पाठवतात. तुमचे पाळक "बघू" म्हणतात त्याचा अर्थ बहुतेक एवढाच, की कमिटीची सभा झालेली नाही. सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. देवाचं पाचारण तुम्हाला आहे, पण स्पॉन्सर मंडळी (चर्चचे सभासद) करते. पदवीधराला बी.डी.ला चार वर्षं लागतात. उद्या पाळकपदाच्या दीक्षेच्या वेळी हीच मंडळी लागणार, तेव्हा तिला वगळून जाऊ नका.

प्रभूचा_सेवक
एवढे उंबरठे झिजवायचेच कशाला? एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनची मान्यता असलेल्या कॉलेजात एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) करा. पदवीधराला तीनच वर्षं. मी केलं, आज सेवेत आहे. देव कमिटीला विचारून बोलावत नाही.

जुना_बीडी
तुमची मंडळी स्वतंत्र आहे, तुम्हाला चाललं. सीएनआयमध्ये पाळक व्हायचं तर सेरामपूर सेनेटची (धर्मशिक्षणाच्या पदव्या देणारी संस्था) पदवी विचारतात. एक वर्ष वाचवून पुढे अडकायचं का?

प्रभूचा_सेवक
पदवीने पाळक होतो का कोणी?

श्रीरामपूर_रोड
सेनेटचं ऑफिस आमच्या श्रीरामपुरात आहे का? मग भिंगारहून जवळच की.

रेखाताई
नाही हो दादा, हे बंगालमधलं सेरामपूर. केरी, मार्शमन, वॉर्ड या मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये कॉलेज काढलं ते. केरींचं मराठी व्याकरणही तिथेच १८०५ मध्ये छापलं.
भिंगारकर, मी स्वतः बी.डी. केलंय म्हणून मनापासून सांगते, पत्राबरोबर इंग्रजीचंही बघा. शिकवणं इंग्रजीतून, प्रवेश परीक्षाही. मराठी शाळेतून आलेली आमच्यातली कितीतरी हुशार मुलं पहिल्या सत्रात गप्प बसायची. त्यात ग्रीक, नव्या कराराची मूळ भाषा. मी "लुओ, लुएइस, लुएइ" ही ग्रीक क्रियापदाची रूपं कागदावर लिहून मोरीच्या दारावर चिकटवलं होतं, दात घासतानाही तेच. पण योहानाच्या शुभवर्तमानाचं पहिलं वाक्य मूळ भाषेत वाचता आलं तेव्हा डोळे भरून आले. रविवारी भल्या सकाळी फिल्डवर्कला (चर्चमधल्या प्रत्यक्ष कामाला) निघायचं, म्हणजे अभ्यासाला शनिवारची रात्रच उरते.

भिंगारकर
धन्यवाद ताई. ग्रीकची भीती नाही, पत्राची आहे. पत्राशिवाय फॉर्म चालेल का, हे अजून कोणी सांगितलं नाही.

रेखाताई
सेमिनरीच्या ऑफिसला आजच फोन करा. आमच्या वेळी पत्र मागाहून घेत, पण फॉर्म मुदतीतच लागायचा. बाप्तिस्म्याच्या दाखल्याची प्रत आत्ताच जोडून ठेवा.

जुना_बीडी
आणि फॅमिली क्वार्टर्सचंही विचारा. सगळ्यांना मिळत नाहीत. बायको नोकरी करत असेल तर तिला पुण्यात बदली मिळते का?

भिंगारकर
ती शिक्षिका आहे, खासगी शाळेत. बदली नाही. नोकरी सोडावी लागेल, त्यावरच घरात बोलणं चाललंय. ऑफिसला फोन लागला. फॉर्म घेतील, पत्र मुलाखतीआधी हवं म्हणाले. सेक्रेटरी रविवारी उपासनेनंतर कमिटी बसवतायत.

रेखाताई
छान. सभेला पत्नीलाही घेऊन जा. कमिटी तिलाही प्रश्न विचारते, आणि तिचं उत्तर तिनेच द्यावं.

येशूची_लेकरं
पेटी वाजवता येते का? येत नसेल तर आत्ताच शिका. खेडेगावातल्या मंडळीत गाणी पाळकालाच उचलावी लागतात.