मदत हवी आहे : गटाच्या बैठकीत 'लगान'मधला कोणता प्रसंग दाखवू?

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात शेतकरी गट आहे. एकत्र बियाणं घेणं, कापूस एकत्र विकणं, अशी कामं. अध्यक्ष भाऊंचा शब्द सगळे मानतात, पण ते बाहेरगावी गेले की बैठकच होत नाही. पुढचा हंगाम त्यांच्याशिवायही उभा राहावा, असं खुद्द भाऊंनाच वाटतं.

म्हणून समाजमंदिरात 'लगान' (2001) मधला शेवटचा सामना दाखवला. मंडळी रंगली, टाळ्या पडल्या. चर्चेत मात्र एकच सूर : "आपल्या गावात असा भुवन कोठून आनाव?" मला नेमकं उलट हवं होतं! मग अस्पृश्य मानल्या गेलेल्या कचरा नावाच्या गावकऱ्याला संघात घेण्याचा प्रसंग दाखवला. त्यावर जातीचा विषय निघाला आणि सगळे गप्प झाले. तो विषय मला टाळायचा नाही, पण नीट हाताळता आला पाहिजे.

आता दोन प्रसंग डोक्यात आहेत. भुवन कुणालाही न विचारता इंग्रज कॅप्टनची क्रिकेटची पैज स्वीकारतो आणि गाव त्याच्यावर चिडतं, तो एक. दुसरा, संघातलाच लाखा इंग्रजांना फितूर होतो त्याचा. मला पहिला जास्त मोलाचा वाटतो, कारण निर्णय एकट्याचा आणि तिप्पट लगानाचा (शेतसाऱ्याचा) धोका साऱ्या गावाचा.

सिनेमा पावणेचार तासांचा आहे, आणि वेचणी सुरू असल्याने रात्री जेमतेम तासभर मिळतो. काही सभासदांना लिहिता-वाचता येत नाही, त्यामुळे कागदावरचे खेळ नकोत. भाऊ समोरच बसलेले असतात, त्यांचा अवमान होता कामा नये.

गावात अशी चर्चा घेतलेल्यांनी सांगावं : या दोनपैकी कोणता प्रसंग दाखवू, आणि तो संपल्यावर पहिला प्रश्न कोणता विचारू?