टोलवर टॅग वाचलाच जात नाही, काय करू?

प्रश्न: टॅगमध्ये बॅलन्स आहे तरी दांडा काही वर जात नाही, मागून नुसते हॉर्न, शेवटी रोख भरून सुटलो तर संध्याकाळी मेसेज, टॅगमधूनही पैसे कट! वैताग आलाय.

– एकदा काढून परत चिकटवलायस का? आतली अँटेना एकदम पातळ असते, तुटली की टॅग बाद.

– काच मेटल कोटिंगवाली असेल तर सिग्नल अडतो. अशा बऱ्याच गाड्यांत आरशामागे काळे ठिपके असतात, तिथे कोटिंग नसतं, तिथे लाव.

– रोखीची पावती फेकू नकोस हं. ती आणि मेसेज जोडून टॅग देणाऱ्याकडे तक्रार टाक. माझे आले परत, पण तीनदा मागे लागून.

– अरे ठिपके आहेत खरे! आणि मी टॅग लावलाय पार खालच्या कोपऱ्यात. पावती शोधतो आता.