‘कॉन्फरन्स रिअलाइनमेंट’ला मराठीत काय म्हणाल?

पुलमनवासी :
आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लेख लिहितेय आणि दोन-तीन शब्दांवर अडलेय. विषय अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचा. तिथे विद्यापीठं आपसात सामने खेळण्यासाठी ‘कॉन्फरन्स’ नावाच्या संघटना करतात, आणि एक कॉन्फरन्स सोडून दुसरीत जाण्याच्या लाटेला ‘रिअलाइनमेंट’ म्हणतात. मी वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठात शिकले, अजून त्याच्या गावी, पुलमनलाच राहते. ‘पॅक-१२ परिषदेतून दहा विद्यापीठं बाहेर पडली’ असं लिहिलं, तर संपादकांनी विचारलं, परिषद कोणत्या विषयावर होती?

दुसरा शब्द रिअलाइनमेंट. ‘पुनर्रचना’ लिहिलं आणि खोडलं. पुनर्रचना म्हटलं की वाटतं, कुणीतरी एकत्र बसून सगळ्यांची सोय पाहिली असेल. इथे काय झालं? ३० जून २०२२ ला यूएससी आणि यूसीएलए या लॉस एंजेलिसच्या विद्यापीठांनी बिग टेन या दुसऱ्या कॉन्फरन्समध्ये जातो म्हणून जाहीर केलं. पुढच्या जुलैत कोलोरॅडो निघालं. ४ ऑगस्ट २०२३ या एका दिवसात ओरेगन, वॉशिंग्टन, ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा; १ सप्टेंबरला स्टॅनफर्ड आणि कॅल (बर्कलीचं कॅलिफोर्निया विद्यापीठ). १९१५ पासूनचा वारसा सांगणाऱ्या कॉन्फरन्समध्ये उरलो आम्ही आणि कॉर्व्हॅलिसचं ओरेगन स्टेट. दोन्ही गावं लहान, टीव्हीच्या मोठ्या बाजारपेठांपासून लांब. याला शब्द हवा. तिसरा शब्द ‘प्रोग्राम’, म्हणजे विद्यापीठाचा संघ आणि त्याचा सगळा पसारा. ‘छोटे प्रोग्राम’चं ‘छोटे कार्यक्रम’ करायचं नाहीये.

कर्वेरोड :
‘परिषद’ का सोडायचं? परि + सद्, भोवती बसणं. इतिहासही बाजूने आहे. आजच्या बिग टेनचं १८९६ सालचं नाव ‘इंटरकॉलेजिएट कॉन्फरन्स ऑफ फॅकल्टी रिप्रेझेंटेटिव्हज्’ असं होतं. प्राध्यापक-प्रतिनिधींची परिषदच ती! खेळातले गैरप्रकार थांबवायला मास्तर मंडळी नियम करत बसली, त्यातून हे सगळं उभं राहिलं. वाचकाला सवय नाही म्हणून नेमका शब्द टाकून द्यायचा, हे मला पटत नाही.

वऱ्हाडी :
दादा, १८९६ मध्ये असेल परिषद. आज तिथे टीव्हीचे करार होतात. बिग टेनचा २०२२ चा करार सात वर्षांचा आणि सात अब्ज डॉलरच्या वरचा आहे. शब्द आजच्या कामावरून ठरावा. सरळ ‘गट’ लिहा. रणजीत २००२-०३ ला जुने विभाग मोडून एलिट आणि प्लेट केले, तेव्हा पेपरांनी ‘गट’च लिहिलं. आमचा विदर्भ किती काळ प्लेट गटात होता, त्यामुळे हा शब्द आमच्याकडे लहान पोरांनाही कळतो.

पुलमनवासी :
पण रणजीचे गट वरून बीसीसीआय पाडतं. इथे वरून ठरवणारं कुणी नाहीच. कॉलेज खेळांची देशव्यापी संस्था एनसीएए आहे, पण १९८४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने फुटबॉल प्रसारणाची सूत्रं तिच्या हातून गेली. कॉन्फरन्स ही सभासद विद्यापीठांची स्वतःची संस्था, तिला तिजोरी आहे, मंडळ आहे, मतदान आहे. म्हणून तर जाणाऱ्या दहा जणांना मत असावं का, यावर आमच्या व्हिटमन काउंटीच्या कोर्टात खटला झाला. नोव्हेंबर २०२३ मध्ये न्यायाधीशांनी कारभार उरलेल्या दोघांच्या हाती दिला. त्या दिवशी सगळं गाव निकालाकडे डोळे लावून होतं. ‘गट’ लिहिलं तर हा खटला वाचकाला कळणारच नाही.

जिमखाना :
मग ‘संघ’? नाही, संघ म्हणजे टीम. ‘महासंघ’ चालेल.

मला मात्र आकड्याचं वेगळंच खटकतं. मुंबईत १९०७ ला युरोपियन, पारशी आणि हिंदू खेळू लागले तेव्हा सामने तिरंगी होते. १९१२ ला मुसलमान संघ आला, चौरंगी झाले. १९३७ ला ‘रेस्ट’ हा बाकीच्यांचा संघ आला, पंचरंगी. संघ वाढला की नाव बदललं. माझे आजोबा शेवटपर्यंत ‘पंचरंगी’ म्हणत. आणि बिग टेनमध्ये आज अठरा, बिग १२ या आणखी एका कॉन्फरन्समध्ये सोळा! मराठीत नाव देताना हा खोटेपणा का वाहायचा? ‘मोठे दहा’ असं भाषांतर कुणी केलं तर मी विरोध करीन.

कर्वेरोड :
विशेषनामाचं भाषांतर करूच नये. आणि त्यांनीही एकेकाळी आकडा पाळला होता. शिकागो विद्यापीठ १९४६ ला बाहेर पडल्यावर लोक ‘बिग नाइन’ म्हणत, मिशिगन स्टेट आल्यावर पुन्हा ‘टेन’. पेन स्टेट अकरावं आलं तेव्हा मात्र नाव तेच ठेवलं. तोवर नावाची छाप झाली होती.

बे_एरिया_मावशी :
आकड्याचं काय घेऊन बसलात, आमच्याकडे नकाशाच बदलला. स्टॅनफर्ड आणि कॅल आता ‘अटलांटिक कोस्ट’ कॉन्फरन्समध्ये खेळतात. इथे माझ्या खिडकीतून दिसतो तो प्रशांत महासागर आहे! शिवाय प्रसारणाच्या पैशातला वाटा सुरुवातीला कमी घेऊन ही दोघं गेली. डॅलसच्या एसएमयूने तर नऊ वर्षं तो वाटा घेणारच नाही असं कबूल केलं. फुटबॉलवाले आठवड्यातून एकदा विमानात बसतात, पण व्हॉलीबॉल आणि सॉफ्टबॉलच्या मुलींनी देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जाऊन परीक्षा कधी द्यायच्या?

मला ‘पांगापांग’ शब्द सुचतो. एकाच किनाऱ्यावरचे शेजारी पांगले.

वऱ्हाडी :
मावशी, पांगापांग आपोआप होते. पाऊस आला, माणसं पांगली. इथे कुणी तरी पैसे दाखवून उचललं. ती ‘फोडाफोडी’. महाराष्ट्रात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

कर्वेरोड :
फोडाफोडीत फोडणारा दोषी आणि फुटणारा भोळा असं ध्वनित होतं. विद्यापीठं स्वतः सही करून गेली. तटस्थ लेखात ‘फेरमांडणी’ लिहावं.

पुलमनवासी :
माझा लेख तटस्थ नाही, आणि मला तो तसा करायचाही नाही. पण फोडाफोडी लिहिलं तर पुढचं प्रामाणिकपणे लिहावं लागेल. सप्टेंबर २०२४ मध्ये आमच्याच पॅक-१२ ने माउंटन वेस्ट कॉन्फरन्समधून बॉइझी स्टेट, कोलोरॅडो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, सॅन डिएगो स्टेट आणि मागोमाग युटा स्टेट घेतली. माउंटन वेस्टने टेक्सासचं युटेप आणलं, ते कॉन्फरन्स यूएसएमधून. वरून ओढलं की खाली रिकामं होत जातं. ‘उतरंड’ हाच शब्द इथे शोभतो, फक्त ही उतरंड वरून ढासळते.

आणि जे गमावलं ते फुटबॉलपुरतं नाही. वॉशिंग्टन स्टेटने २०२५ मध्ये ट्रॅक अँड फील्डमधले उडीचे आणि फेकीचे प्रकार बंद केले. भालाफेक, गोळाफेक करणाऱ्या पोरांनी कुठल्याच टीव्ही कंपनीशी करार केला नव्हता.

रंकाळा :
ताई, ‘प्रोग्राम’वर कुणी बोललंच नाही. कोल्हापुरात शब्द तयार आहे : तालीम. आमचे फुटबॉलचे संघ म्हणजे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम. तालीम म्हटलं की इमारत आली, पोरं आली, वर्गणी आली, गणपती आला, शाहू स्टेडियमवरची गर्दी आली. तुमच्या प्रोग्राममध्ये कोच, शिष्यवृत्त्या, बँड, माजी विद्यार्थी सगळं येतं ना? ‘छोट्या तालमी’ लिहा. फरक एवढाच की आमची तालीम पेठ सोडून जात नाही.

कर्वेरोड :
तालीम म्हणजे आखाडा, हे उर्वरित महाराष्ट्राला शिकवावं लागेल. ‘क्रीडाविभाग’ म्हणा.

रंकाळा :
आखाडा नंतर झाला, साहेब. अरबीत तालीम म्हणजे शिक्षण. विद्यापीठाच्या संघाला याहून योग्य शब्द कुठला?

पुलमनवासी :
तालीम मला फार आवडला. मग आणखी एक सांगा. इथून आठ मैलांवर, राज्याची हद्द ओलांडली की मॉस्को गावात आयडाहो विद्यापीठ आहे. सन बेल्ट कॉन्फरन्सने त्यांचा करार वाढवला नाही, म्हणून ते २०१८ ला वरच्या श्रेणीतून खाली एफसीएसमध्ये बिग स्काय कॉन्फरन्सला गेले. अशी छोटी विद्यापीठं मोठ्यांच्या मैदानावर मोबदला घेऊन खेळायला जातात, बहुतेक वेळा हरतात, पण त्या पैशावर वर्षाचा बराच खर्च निघतो. मोठ्या कॉन्फरन्सांनी आपसातले सामने वाढवले तर ही आमंत्रणंही कमी होतील. या मोबदल्याला काय म्हणू?

रंकाळा :
बिदागी! शाहीर, कीर्तनकार गावातून निघताना हातात ठेवतात ती.

जिमखाना :
बिदागी कलेचा मान म्हणून देतात, हरायला येण्याबद्दल नव्हे. ‘मानधन’ घ्या.

रंकाळा :
हरायलाच येतात हे कुणी ठरवलं? २००७ मध्ये ॲपलाचियन स्टेट असंच बोलावलेलं आलं आणि मिशिगनला त्यांच्याच मैदानात ३४-३२ हरवून गेलं. बिदागी मानाचीच.

कृष्णाकाठ :
उशिरा आलो. पुलमनच्या आजूबाजूच्या टेकड्यांना ‘पलूस’ म्हणतात असं वाचलं. आमचं पलूस सांगली जिल्ह्यात, किर्लोस्करवाडीजवळ. तिकडचं नाव कुठून आलं?

पुलमनवासी :
तिथल्या मूळ रहिवासी जमातीचं नाव पलूस. काही जण फ्रेंच ‘पलूझ’, म्हणजे हिरवळ, याच्याशी जोडतात. तुमच्याकडे काय सांगतात?

कर्वेरोड :
याला वेगळा धागा काढावा. पण जमातीचं नाव आधीचं की फ्रेंच शब्द, हे आधी सांगा.