कोड आणि थायरॉईड

ताई, तुम्ही लिहिलंय की अंगावर कोड आहे, त्यात आता केस गळतायत, सारखा थकवा, म्हणून थायरॉईडची धास्ती घेतलीय. धास्ती अगदीच बिनबुडाची नाही. कोड काय किंवा हाशिमोटो (थायरॉईडचा एक आजार) काय, दोन्हींत आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उलटते, आणि हे आजार कधीकधी जोडीने येतात. पण येतीलच असं नाही.

नुसत्या टीएसएचवर (थायरॉईडची नेहमीची रक्ततपासणी) थांबू नका. फ्री टी४ (थायरॉईडचं हार्मोन) आणि अँटी-टीपीओ (थायरॉईडवर उलटलेल्या अँटीबॉडीज) या तपासण्यांबद्दलही डॉक्टरांना विचारा. माझं अँटी-टीपीओ वाढलेलं आलं तेव्हा मी रडकुंडीला आले होते. टीएसएच मात्र ३.१, म्हणजे नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, आत्ता थायरॉईडची गोळी नको, दरवर्षी तपासू. गोळी सुरू झाली ती चार वर्षांनी. आता बाटली उशाशीच असते. उठल्याउठल्या गोळी, चहा अर्ध्या तासाने (खरा छळ तो!), कॅल्शियम किंवा लोहाची गोळी चार तासांनी.

आणि हो, केसांसाठी बायोटिन (एक जीवनसत्त्व) घेताय का? त्याने रिपोर्ट फसवा येऊ शकतो, टीएसएच उगाच कमी दिसतं. डॉक्टरांना विचारून रक्त देण्याआधी दोन दिवस बंद ठेवा, लॅबवाल्यांनाही सांगा.