बाळंतिणीनं स्वतःचे फोटो काढावेत का? आणि काढलेच तर दाखवावेत का?

अमळनेरची लेक

आमच्याकडे हल्ली डोहाळजेवणाचा फोटोग्राफर आधी ठरतो, आचारी मागून. फुलांचे दागिने घालून, पाटणादेवीच्या झाडीत पोटावर हात ठेवून फोटो. जळगाव-धुळ्याच्या स्टुडिओंत त्याची पॅकेजं मिळतात. मग बाळ होतं आणि टोपलीत झोपवलेल्या बाळाचे फोटो सुरू होतात. आई पुन्हा दिसते ती थेट बारशाला, शालूत. मधल्या दिवसांतली बाई कुणाच्याच फोनमध्ये नसते. मीही नव्हते, म्हणून माझे मीच काढले.

फोन डब्याला टेकवायचा, दहा सेकंदांचा टायमर लावायचा, माडीच्या खिडकीचा उजेड घ्यायचा. त्यात शरीर जसं आहे तसं दिसतं. पोट सहाव्या महिन्याएवढं, बेंबीखाली काळी रेघ, सिझरचा व्रण, ब्लाउजवर दुधाचे डाग. हे बघून रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं ते कुतूहल. हादरले ते वेगळ्याच गोष्टीनं. बाळ मांडीवर असलेल्या एकाही फोटोत मी बाळाकडे बघत नव्हते. भिंतीकडे, पंख्याकडे, दाराकडे. बाळाकडे कधीच नाही. घरचे म्हणत होते, थकलीय. मीही तेच म्हणत होते. डॉक्टरीणबाईंपुढे तोंड उघडलं की "झोप होत नाही" एवढंच बाहेर पडायचं, म्हणून शेवटी फोनच त्यांच्या हातात दिला. त्यांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. बाळंतपणानंतरचं नैराश्य निघालं. गोळ्या सुरू झाल्या, अंगावर पाजणंही चालू राहिलं.

आता त्यातले काही फोटो मोठे छापून आमच्या बचत गटाच्या बैठकीत लावायचा विचार आहे. घरात सासूबाई सोडून सगळ्यांचा विरोध. बाईला जे सांगता येत नाही ते दाखवता येतं, एवढंच माझं म्हणणं. तुम्हाला काय वाटतं?

चोपड्याची काकू

माय वं! फोटो काढीसन काय व्हस? आमच्या वेळी सव्वा महिना बाळंतीण बाजेवरून खाली उतरत नव्हती. सकाळी मालीश, ओव्या-शेपेची धुरी, पोटाला लुगड्याचा पट्टा करकचून बांधायचा, डिंकाचे-मेथीचे लाडू, अळिवाची खीर. पाचवीला सटवाई पुजायची. खोलीत सतत कुणी ना कुणी, एकटं वाटायला सवड होतीच कुठे? आता पोरी महिन्याभरात पुण्याला परत जातात, दिवसभर एकट्या बसतात आणि मग त्याला आजाराचं नाव देतात. शिवाय अंग झाकायचं असतं, भिंतीला लावायचं नसतं.

समुपदेशक, जळगाव

काकू, शेकशेगडी आणि माणसांचा राबता या गोष्टींची किंमत मलाही आहे. पण त्याच खोलीत "पुन्हा मुलगीच का?" हेही विचारलं जातं. गोव्यात झालेल्या एका अभ्यासात (2002 साली तो प्रसिद्ध झाला) साधारण 23 टक्के नव्या आयांमध्ये नैराश्य आढळलं. मुलगा हवा असताना मुलगी होणं, नवऱ्याची मारहाण आणि गरिबी यांचा त्याच्याशी संबंध दिसला. त्या बायकांभोवतीही माणसं होतीच. भारतातले 38 अभ्यास एकत्र करून 2017 साली जो आढावा आला, त्यातही आकडा 22 टक्के होता, म्हणजे पाचातली एक तरी.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी येणारं रडू वेगळं. ते निम्म्याहून जास्त बायकांना येतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढे टिकलं, बाळाबद्दल काहीच वाटेनासं झालं, बाळ झोपलेलं असतानाही आईला झोप येईना, तर मात्र तपासायला हवं. त्यासाठी 1987 पासून दहा प्रश्नांची एडिनबरो प्रश्नावली आहे. गेल्या सात दिवसांत कसं वाटलं एवढंच ती विचारते. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा. दवाखान्यात बाळंतपण झालं की आशाताई सहा वेळा घरी येते, बेचाळिसाव्या दिवसापर्यंत. बाळाचं वजन, ताप, नाळ सगळं बघते. हे दहा प्रश्न त्याच भेटींत का विचारू नयेत, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

फोटोंबद्दल माझं मत मधलं आहे. त्यांनी बोलणं सुरू होतं. निदान होत नाही.

धुळेकर स्टुडिओवाला

मी लग्नाचे आणि डोहाळजेवणाचे फोटो काढून पोट भरतो, तेव्हा माझा स्वार्थ धरूनच वाचा. "शरीर जसं आहे तसं दिसतं" हे मला मान्य नाही. फोनची पुढची लेन्स वाइड असते. हातभर अंतरावरून काढलं की जे जवळ ते फुगतं: नाक, पोट, छाती. वरून कित्येक फोन न विचारता चामडी गुळगुळीत करतात, म्हणजे व्रण पुसट आणि पोट मोठं. असल्या फोटोवरून कुणी स्वतःबद्दल मत बनवू नये. काढायचेच तर मागचा कॅमेरा वापरा, सहा-सात फूट लांब ठेवा, ब्यूटी मोड बंद करा, खिडकी बाजूला घ्या.

आणखी एक. एका घरात एकच गुगल खातं चार फोनांत असतं. फोन रात्री वायफायला लागला की सगळे फोटो वर चढतात आणि दिराच्या टॅबवर उतरतात. आधी बॅकअप बंद करा, कलेचं मग बघू.

भुसावळची वाचक

मी या आजारातून गेले आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. मला हा प्रकार धोक्याचा वाटतो.

मी फोटो काढत नव्हते, पण रोज आरशासमोर उभी राहून पोट चिमटीत धरायचे. कालच्यापेक्षा कमी झालं का? जास्त झालं का? दिवसात अनेकदा. आजारी मन शरीराकडे बघतं ते चूक शोधायलाच. त्याच्या हातात कॅमेरा दिला तर त्याला रोजचा पुरावा मिळेल, दुसरं काय? तुम्हाला कुतूहल वाटलं, छान. दुसरीला किळस वाटेल आणि तो फोटो फोनमध्ये कायमचा राहील.

असल्या कामाच्या कौतुकात ब्रिटिश फोटोग्राफर जो स्पेन्सचं नाव नेहमी येतं. 1982 साली तिला स्तनाचा कर्करोग झाला आणि आजारी शरीराचे फोटो तिनं स्वतः उभे केले, हे खरं. पण त्यानंतरच्या काळात ती रोझी मार्टिनबरोबर जी 'फोटोथेरपी' करत होती, तिच्यात समोर दुसरं माणूस असायचं. एकीनं बसायचं, दुसरीनं कॅमेरा धरायचा, मग अदलाबदल. खोली बंद करून डब्याला टेकवलेला फोन म्हणजे ते नव्हे.

आणि बचत गटात सगळ्याच बायका तुमच्या बाजूच्या नसतात. एकीनं मोबाइलवर फोटोचा फोटो काढला की तो संध्याकाळपर्यंत पारोळ्यात. संमतीशिवाय कुणाच्या खासगी अवयवांचं चित्र पसरवलं तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66-ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण तुमचं उघडं पोट त्यात बसेल की नाही यावरच वकील दोन वर्षं भांडतील.

शिरपूरहून

विषय सोडून विचारतो, माफ करा. बायकोचं बाळंतपण होऊन नऊ दिवस झाले. तीन रात्री डोळ्याला डोळा नाही. काल म्हणाली, हे बाळ आपलं नाही, बदललंय. आई म्हणते बाहेरचं आहे, उतरवून घेऊ. तिलाही फोटो काढायला सांगू का?

समुपदेशक, जळगाव

दादा, नाही. फोटो नको, उतारा नको. आजच दवाखान्यात न्या, उद्यावर टाकू नका. हे साधं नैराश्य वाटत नाही. हजारात एक-दोन बायकांना बाळंतपणानंतर लगेच असा तीव्र आजार होतो, ज्यात झोप उडते आणि भलत्याच गोष्टी खऱ्या वाटू लागतात. उपचारांनी तो बरा होतो, पण तोवर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. तिला आणि बाळाला क्षणभरही एकटं सोडू नका. धुळ्याचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय गाठा, गाडी नसेल तर 108 लावा. वाटेत बोलायला कुणी हवं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास सुरू असतो.

भुसावळची वाचक

बघा. "सांगता येत नसेल तर फोटो काढा" हे वाचून लोक काय समजतात ते.

अमळनेरची लेक

शिरपूरच्या दादांना सांगितलं ते योग्यच. तसल्या अवस्थेत कुणी कॅमेरा धरावा असं मी म्हटलेलं नाही. एकटीनं करण्यातल्या धोक्याचंही मान्य. बघायला निदान एक विश्वासाचं माणूस हवं. माझ्याकडे सासूबाई होत्या. त्यांना फोटो काही कळले नाहीत, पण त्या शेजारी बसायच्या.

पण दाखवण्याचा मुद्दा मी सोडत नाही. 1994 साली रिनेके डायकस्ट्रा या डच फोटोग्राफर बाईनं तीन आयांचे बाळासकट, उभ्यानं फोटो काढले: एकीचा बाळंतपणानंतर एका तासानं, दुसरीचा एका दिवसानं, तिसरीचा एका आठवड्यानं. एकीच्या पायावरून रक्ताचा ओघळ उतरतोय. जगभर पाहिले गेले ते. त्या बायका कलादालनात, आणि आमच्या बायकांनी झाकून बसायचं? तिथंही कॅमेरा दुसरीच्या हातात होता. इथं कधी थांबायचं, काय वगळायचं, काय पुसायचं हे मीच ठरवते, आणि त्या दिवसांत माझ्या ताब्यात दुसरं काहीच नव्हतं. दूध सुद्धा नाही.

काकू, पोट बांधून स्नायू जागेवर येतात असं मलाही वाटायचं. पोटाच्या मधल्या स्नायूंत पडलेली फट पट्ट्यानं भरत नाही, पट्टा फक्त आधार देतो. हळूहळू व्यायाम करावा लागतो, तोही डॉक्टरांना विचारून. हे मला माझेच बाजूनं काढलेले फोटो बघून फिजिओथेरपिस्टनं समजावलं.

चोपड्याची काकू

बरं. पट्ट्याचं राहू दे. पण चेहरा तरी कापून लाव गं पोरी. नुसतं पोट दिसलं तर कुणाचं ते कुणाला कळणार?

अमळनेरची लेक

तेच नको आहे. चेहरा कापला की उरतं ते वजन कमी करायच्या जाहिरातीतलं 'आधी'चं पोट. माझा आजार पोटात नव्हता, डोळे कुठे बघत होते त्यात होता.

धुळेकर स्टुडिओवाला

मॅट कागदावर छापा. ट्यूबलाइटखाली ग्लॉसी चकाकतो, चेहरा दिसणारच नाही.

भुसावळची वाचक

तुमचा चेहरा तुमचा, ठेवा. बाळाचं काय? त्याला कुणी विचारलं? उद्या शाळेत कुणी म्हणालं, तुझी आई तुझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, तर?

अमळनेरची लेक

याचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. बाळ असलेले फोटो काढून टाकले तर सांगायचं तेच जातं. दुपट्यात गुंडाळलेलं, कॅमेऱ्याकडे पाठ असलेलं बाळ ज्यात आहे तेवढेच लावते. बैठकीत फोन दारात टोपलीत जमा करायचे. आशाताईंना बोलावलंय, दहा प्रश्न त्या विचारतील, फोटोंच्या शेजारी नाही, आतल्या खोलीत, एकेकीला.

भुसावळची वाचक

टोपली ठेवा. आतली खोलीही ठेवा. फोटोंबद्दल माझं मत तेच आहे.