सील, बॅट, डक... एकाच शब्दाला इतके अर्थ कसे?

मुलीला इंग्रजी शिकवताना मीच अडकले. सील म्हणजे समुद्रातला प्राणी आणि शिक्कापण, बॅट म्हणजे वटवाघूळ आणि खेळायची बॅटपण. यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

— या दोन्हींत नाही. प्राण्याचा सील जुन्या इंग्रजीतला, शिक्क्याचा लॅटिनमधून आलेला, उच्चार योगायोगाने सारखा झाला. बॅटचंही तसंच.

— पण क्रेनचा आहे! क्रौंच पक्ष्याची लांब मान बघा आणि मग ते यंत्र बघा, नाव तिथूनच आलंय. आणि डक तर मला फारच आवडतो, कारण तिथे उलटं झालंय, बुडी मारणे हे क्रियापद आधीचं आणि बुडी मारणारा पक्षी म्हणून बदकाला ते नाव पडलं.

— क्रेनचं मुलीला आजच सांगते, थँक्यू!