आईची शुगर वाढलीय, वय ७६, जेवणात काय बदलू?

जेवणानंतरची २४० आली, तेव्हापासून तिने घाबरून जेवणच अर्धं केलंय, गोळ्या तेवढ्याच चालू, आता चक्कर येते आणि वजनपण उतरतंय, काय करू?

प्रतिसाद: जेवण तोडू नका हो! या वयात शुगर ७० च्या खाली जाणं जास्त धोक्याचं, माणूस पडतो. डॉक्टरांना आजच सांगा, डोस बघतील.

प्रतिसाद: माझ्या बाबांना आधी भाज्या नि प्रथिनं, स्टार्चवालं (पोळी, भात) शेवटी असं सुरू केलं, ताटातलं तेच फक्त क्रम बदलला, आणि जेवून १० मिनिटं चालणं, खरंच फरक पडला. फळ चावून खाऊ दे, रस नको.

प्रतिसाद: एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर) किती? इतर आजार असतील तर म्हातारपणी ८ टक्क्यांच्या आत बरेचदा चालतं.

चक्कर आली तेव्हा मोजलीच नाही, आता मोजते.